पिंपावर बसलेली बाई

ती माझी धाकटी बहीण, आणि तिच्या वाटेला जायचं तर आधी माझ्याशी गाठ आहे, हे मी कारखान्याच्या फाटकावरच सगळ्यांना ऐकवून ठेवलंय. भांडायला तिला मीच शिकवलं.

हा कारखाना पेंढ्यातून साखर काढतो. खायची नाही, आंबवून गाड्यांचं इंधन करायची. पेंढ्याच्या गाठी मी ट्रॅक्टरने आणतो. माझ्याइतका कोरडा माल कुणाचा नसतो. तिचा दीर तो चिरून वाफेवर शिजवतो. शिजलेला लगदा बहिणीच्या टाकीत उतरतो. त्यात ती पाचक रस ओतते, की लगद्याची साखर व्हायला लागते. पण लगदा निवलेला पाहिजे. गरमात ओतलं तर रस मरतो आणि टाकी वाया.

गरम-गारचा काटा दिराच्या बाजूला. त्याला घरी पळायची घाई. मागे एकदा त्याने उकळता लगदा सोडला आणि "निवलाय" म्हणून ठोकून दिलं. हिने रस ओतला, टाकी गेली. साहेबांपुढे हा एकदम गरीब गाय! साहेब म्हणाले, "आणखी एक टाकी बिघडली तर बाईंना झाडूवर पाठवतो."

परवा परत तेच. टाकीतून वाफा निघतायत आणि बहीण रसाच्या पिंपावर ठाण मांडून बसलेली.

"वहिनी, उठा. शिफ्ट संपली."

"आधी लगद्यात हात घालून दाखवा, भाऊजी."

"घरी आईला सांगेन हं!"

"सांगा. म्हणावं, तुमचा लेक चहानेसुद्धा तोंड भाजून घेतो."

मी बाह्या सरसावल्या. "तिला बोट तर लावून बघ!"

"दादा, तू गाठी उतरव!" ती माझ्यावरच खेकसली. रक्त आमचंच.

निवेपर्यंत उठली नाही. दीर दात-ओठ खात उभा. मग तिने रस ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या तोटीखाली मुंग्यांची ही रांग! दीर त्या धुवायला नळी घेऊन धावला. बहिणीने नळीवर पाय दिला. "साहेबांना बघू द्या."

साहेबांनी मुंग्या बघितल्या, मीटर लावलं, साखर मोजली. मग दिराकडून लगदा सोडायच्या झडपेची किल्ली काढून घेतली आणि बहिणीच्या हातात दिली.

"वहिनी, सोडू का पुढचा लगदा?" दिराला विचारावं लागलं. सगळे ऐकत होते.

लगदा केव्हाच निवला होता. बहिणीने किल्ली कमरेला खोचली.

"थांबा," ती म्हणाली.