कान्हेरीची राणी

कान्हेरीची लेणी कोरायला कित्येक शतकं लागली म्हणतात. किस्से जमायला आम्हाला एक डिसेंबर पुरला!

पन्नास सालानंतरची ती वर्षं. बोरिवली स्टेशनला उतरून माणसं टांग्याने नाहीतर पायी डोंगराला यायची आणि वर आम्ही तिघे गाइड म्हणून उभे असायचो. मी मॅट्रिक पास आणि बेकार, म्हणून मला सगळे ‘मास्तर’ म्हणत. पास्कल गोराईचा, रोज होडीने खाडी ओलांडून यायचा. तिसरे तात्या परब, मालवणकडचे. उजव्या हाताची दोन बोटं मागात गेली तेव्हा त्यांची गिरणी सुटली. पन्नाशीच्या माणसाला दुसरं काम कोण देणार? तात्यांना हा डोंगर तेवढा उरला होता.

आमचा कायदा एकच. एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याने मोडायची नाही.

*

मोठ्या चैत्याच्या ओसरीत बुद्धाच्या दोन प्रचंड मूर्ती समोरासमोर उभ्या आहेत. एकदा पास्कल आपल्या मंडळींना सांगत होता, “ही एका माणसाने वीस वर्षं कोरली.” तेवढ्यात तात्या आपली मंडळी घेऊन पोचले आणि म्हणाले, “ही शंभर माणसांनी आठ दिवसांत कोरली.”

घाटकोपरचे एक शेठ मध्येच उभे होते. त्यांनी दोन्ही ऐकलं.

“अहो, खरं कोणतं?”

तात्या शांतपणे म्हणाले, “मूर्ती दोन आसत मां, सायबानू? ह्यो हिची गोष्ट सांगता, मी तिची.”

शेठ समाधानाने पुढे गेले.

*

विमान बदलायला थांबलेला एक गोरा साहेब सांताक्रूझहून थेट आला. हाताशी एक तास. त्याला शंभरच्या शंभर लेणी बघायची होती!

पास्कलने त्याला एक लेणं नीट दाखवलं आणि सांगितलं, “बाकीची बहुतेक रिकामी आहेत.”

त्या महिन्यात आमच्यापैकी कोणी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

*

मुलुंडच्या एका बाईंचा चष्मा माकडाने पळवला आणि ते कड्यावर जाऊन बसलं. बाई रडकुंडीला आल्या. चष्म्याशिवाय त्यांना दोन हातांवरचं दिसत नव्हतं.

पास्कल म्हणाला, “काळजी नको बाई. बघायचं काम त्याचं, सांगायचं काम माझं!”

आणि त्याने खरोखरच उरलेला डोंगर त्यांना तोंडी दाखवला. जाताना बाई म्हणाल्या, “इतकं नीट मी कधी काही पाहिलं नव्हतं.”

*

एका मोठ्या दालनात दगडाचे दोन लांबच लांब ओटे आहेत. तात्यांना कुणी विचारलं, “हे कशाला?” तात्यांच्या हातात तेव्हा जेवणाचा डबा होता.

“ही पंगत. हयसर राजा बसायचो. राणी चंद्रभागा सोता वाढायची.”

ऐकणाऱ्यांत एक चष्मेवाले गृहस्थ वहीत सगळं टिपून घेत होते. आम्हाला बरं वाटलं.

माणसं गेल्यावर मी विचारलं, “तात्या, ही चंद्रभागा कोण?”

“आमच्या घरातली. बावीस वर्सां माझ्यासाठी रांधता. कोणी कधी तिचा नाव घेतला?”

कायदा होताच, पण त्या दिवशी कायदा नसता तरी मी ती गोष्ट मोडली नसती.

*

दोन वर्षांनी नोटीस आली. सरकारी साहेब येऊन तोंडी परीक्षा घेणार. पास झाला त्याला बिल्ला, नापास झाला त्याला डोंगर बंद!

पास्कलला घरची होडी होती. मला कुठेतरी कारकुनी मिळाली असती. तात्यांचं काय, हे कुणी बोललं नाही. मी महिनाभर त्यांना खरा इतिहास शिकवला. तात्यांनी तो शाळेतल्या पोरासारखा पाठ केला. राक्षस गेले, भुयार गेलं, गुप्त खजिना गेला. फक्त त्या दालनापाशी ते अडायचे.

“मास्तर, राणीक काय सांगू?”

“तात्या, राणी नव्हती. भिक्षू बसायचे तिथे.”

“बरां,” म्हणायचे आणि डबा उघडायचे.

परीक्षेच्या दिवशी साहेब हातात नवंकोरं सरकारी माहितीपुस्तक घेऊन आले. पास्कल सुटला, मीही सुटलो. तात्यांना त्यांनी त्या ओट्यांपाशी उभं केलं.

“हे काय आहे?”

“भिक्षूंची बसायची जागा,” तात्या शुद्ध भाषेत म्हणाले. “सभा भरायची. इथेच जेवायचे.”

मला भरून आलं.

साहेबांनी पान उलटलं. कपाळाला आठी.

“आणि राणी चंद्रभागा?”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“राणी चंद्रभागा ठाऊक नाही? अहो, अर्धं पान आहे तिच्यावर! तुम्हाला बिल्ला द्यायचा कसा?”

“ठाऊक आसा, सायबानू,” तात्या हळूच म्हणाले.

मग ते अर्धा तास बोलले. राणी डावखुरी होती. बांगड्याचं तिखलं तिच्यासारखं कुणी करत नसे. राजा घरी आल्याशिवाय ती जेवत नसे. रागावली तर बोलायची नाही, भांडी आपटायची. लढाईत राजाची दोन बोटं गेली तेव्हा तिने नथ मोडली, पण त्याला कधी बोलून दाखवलं नाही. हे सांगताना तात्यांनी उजवा हात खिशात घातला.

साहेबांची पेन्सिल केव्हाच थांबली होती. त्यांनी स्वतः उठून तात्यांच्या सदऱ्याला बिल्ला लावला.

“कमाल आहे! इतकं तर पुस्तकातही नाही. कुठून मिळवलीत ही माहिती?”

“घराकडसून,” तात्या म्हणाले.