तक्रार नाही

आमच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरना आम्ही पाठीमागे 'हवालदारबाई' म्हणायचो. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी सलाईनची बाटली कोरडी पडू दिली नाही, आणि कधी कुणाचं धड ऐकूनही घेतलं नाही. घरी सून डोकं दुखतंय म्हणाली तरी त्या आधी थर्मामीटर पुढे करायच्या, असं त्यांचा मुलगाच सांगायचा. आकड्यात दिसेल ते दुखणं, बाकी सगळी थेरं. आपल्या नोंदवहीत एकही खाडाखोड नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

एकदा खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई आली. स्टेशनवर तिकिटं द्यायचं काम करायची. चार वर्षं पोटात मुरडा. कधी जुलाब, तर कधी चार-चार दिवस पोट साफ नाही. सगळ्या तपासण्या झाल्या, एकूण एक रिपोर्ट चांगला. डॉक्टर म्हणाले, आतडं चिडकं आहे.

"म्हणजे काही झालेलं नाही," मोठ्या सिस्टरनी आम्हाला अर्थ सांगितला.

बाईला डॉक्टरांचं पत्र हवं होतं, कामावरून मध्येच उठायची परवानगी मिळावी म्हणून. साहेबांनी तिला बजावलं होतं, पत्र आण, नाहीतर येऊच नकोस. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस सिस्टर काय लिहितात ते बघतो, मग ठरवू.

पहिल्या दिवशी तिने सहा वेळा घंटी वाजवली. दर वेळी आम्ही टेबलाशी एकमेकींकडे बघून हसायचो. "चला, राणीसरकारांचं बोलावणं आलं," असं कुणीतरी म्हणायचं. खोटं कशाला बोलू, त्यात मीही होते. दुसऱ्या दिवशी घंटी दोनदा वाजली, मग थांबलीच. मोठ्या सिस्टर सुवाच्य अक्षरात लिहीत गेल्या: तक्रार नाही.

चौथ्या दिवशी सकाळी, डॉक्टर यायच्या आधी, त्या चादरी मोजायला निघाल्या होत्या. वाटेत न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं दिसलं. आत बाई गार फरशीवर पोट आवळून बसली होती, घामाने थबथबलेली.

"अहो, घंटी वाजवायची नाही का?" सिस्टर खेकसल्या.

"वाजवली की तुम्ही हसता. ऐकू येतं मला." तिला नीट बोलवतही नव्हतं. "त्यापेक्षा इथेच येऊन बसते. रोजच."

सिस्टर दुखरे गुडघे घेऊन तिच्याशेजारी फरशीवर बसल्या, आणि कळ ओसरेपर्यंत तिची पाठ चोळत राहिल्या. दारात उभी राहून मी बघत होते. मला माझीच लाज वाटली.

डॉक्टर आले तेव्हा सिस्टरनी वही उघडली आणि सगळ्यांदेखत आपल्याच नोंदींवर रेघ ओढली.

"हे मी न बघता लिहिलं, डॉक्टर. चुकलं माझं. बाईंना रोज दुखतंय. अंग भिजेपर्यंत दुखतंय."

"पण सिस्टर, रिपोर्ट तर..."

"रिपोर्टात नसेल. मी डोळ्यांनी बघितलंय."

डॉक्टरांनी तिथेच पत्र लिहिलं. बाईने ते दोनदा वाचलं. सिस्टरना माफी मागायची सवय नव्हती; त्या आधीच ताठ असलेली चादर उगाच ओढत बसल्या.

"सिस्टर," बाई हळूच म्हणाली, "याची आणखी एक प्रत मिळेल का?"

"साहेबांना एक पुरे की."

"साहेबांना नाही हो. घरी दाखवायला."