पाच जण एका जागी बसत नाहीत

पाच जणायले एका सतरंजीवर बसाले इतकं काहून जड जाते? तिघं यवतमाळहून आलेले, दोघं आमच्याच वस्तीतले. सगळे शीख. आणि दोन्हीकडचे म्हणतात, आमचंच अमृत खरं!

मी घाटंजीची. बाजारात विळे-कोयते विकते. माही सासू लय आजारी आहे. मरायच्या आधी अमृत घ्यायचं, म्हणजे आमच्या धर्माची दीक्षा, एवढंच तिचं मागणं. ते द्याले अमृत घेतलेले पाच जण लागतात. आज पाचही आलते.

सासूनं सकाळीच केस धुतले न् उपाशीच भिंतीले टेकून बसली. अमृत बनवाले लोखंडी बाट्यात, मोठ्या वाडग्यात, पाणी भरलं. मी त्यात टाकायचे पताशे घेऊन उभी. तेवढ्यात यवतमाळचा एक भाऊ म्हणे, "या दोघायले कोणत्या जथ्यानं अमृत देल्लं? आमी यायच्या संग नाही बसत."

आमचा जेठ, माह्या नवऱ्याचा मोठा भाऊ, त्या दोघायतला. तो काय कमी? "मंग उठा न! कोनं धरून ठेवलं तुमाले?"

ते तिघं उठले, चपला घातल्या, गेले. जेठही गेला.

सासू मले विचारते, "माह्यात काही खोट निघाली का वं?" मी पताशे परत डब्यात टाकाले लागली. तवा ती म्हणे, "मंग आता जेवलं तर चालन का?"

या व्हॉट्सॲप ग्रुपात तुमी दोन्हीकडचे आहात. रोज सकाळी एकमेकायले फतेहचा नमस्कार टाकता. हात जोडलेले फोटो मले पाठवू नका. रविवारी माह्या घरी कोणते पाच जण एकत्र बसतात, ते शनिवारपर्यंत इथंच नावानिशी सांगा.