मयताचं अक्षर

लवू परबाने सदतीस वर्षं वाकोल्यात पाट्या रंगवल्या. सलून, पिठाची गिरणी, दवाखाने, वकील आणि मयताचे फलकसुद्धा. त्याचा एक दंडक होता. सेलचं अक्षर तिरकं, धावतं, शेपटीला झटका मारलेलं. मयताचं अक्षर उभं, आणि ब्रश सावकाश. यात कुणी गफलत केली की त्याचं डोकं फिरायचं, आणि फिरायलाच हवं.

दोन वर्षांपूर्वी चाळीतल्या नितेशने त्याच्याकडून बाराखडी लिहून घेतली. नितेश कॉम्प्युटरवर डिझाइन करतो, मंडळाचा सेक्रेटरीही तोच. "काका, एकदम कॅज्युअल पाहिजे. हात मोकळा सोडा." लवूने सोडला. त्याचा फॉन्ट झाला, नाव 'बिनधास्त'. मग तो चायनीजच्या गाडीवर, केकच्या डब्यावर, भाऊ-दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, जिथे तिथे दिसायला लागला. सगळे 'क' सारखेच! पाटीवाला शेजारचं अक्षर बघून हात वळवतो, मशीनला कसलं शेजारपाजार? लवू चडफडायचा. त्याची बायको प्रेमा हसायची. "तुमचोच हात ना तो? मग रागावतास कोणावर?"

गेल्या महिन्यात प्रेमा गेली.

तेराव्याच्या सकाळी शोकसभेच्या खुर्च्या मांडत होते तेव्हा लवू खाली उतरला. चाळीच्या गेटवर सहा फुटी फ्लेक्स. प्रेमाचा फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'कै. सौ. प्रेमा लवू परब'. सगळं 'बिनधास्त'मध्ये. तिच्या नावातला 'मा' शेपटी उडवत नाचत होता.

"तुमच्याच अक्षरात केलं, काका," नितेश म्हणाला. पोराने मायेने फ्लेक्सवरची सुरकुती हाताने सपाट केली. त्यानेच लवूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बायल मेलीहा माझी! सेल लागलो नाय!"

त्याने फ्लेक्स टराटरा फाडला. फोटोचा तुकडा तेवढा नीट वेगळा करून खुर्चीवर ठेवला. मग वर जाऊन प्लायवूडची कोरी पाटी, काळा रंग आणि ब्रश घेऊन आला. माणसं जमायला लागली होती. कुणी "राहू दे लवू" म्हटलं, त्याच्यावरही तो खेकसला.

गेटपाशी उकिडवा बसून त्याने 'प्रे' काढला आणि तिथेच अडकला. हे नाव त्याने आजवर कुठेच लिहिलं नव्हतं. अक्षता ब्युटी पार्लर, माधुरी पोळी-भाजी केंद्र. गावभरच्या बायकांची नावं त्याने दुकानांवर चढवली. हिचं एकदाही नाही, साध्या घराच्या दारावरसुद्धा नाही. दारावर फक्त 'ल. वि. परब'. तिने कधी मागितलं नाही, म्हणून याला सुचलंही नाही. लाज वाटायला हवी! आता तो स्वतःवरच इतका पेटला की 'मा' तिरका गेला.

नितेश हळूच शेजारी बसला. "काका, मी सरळ करून प्रिंट काढून आणू? दहा मिनिटांत होईल."

"हात लावू नको. ऱ्हवांदे वाकडां," लवू म्हणाला. "तां मियां लिवलंय."

आणि नाकावरून ओघळलेलं पाणी बाहीने पुसत त्याने आडनाव लिहायला घेतलं.