न्हाय हाय की

नववी 'अ' माझी, नववी 'ब' शाळेत आलेल्या नव्या बाईची. मधे एक भिंत. मी कोल्हापुरात वीस वर्षं मराठी शिकवतेय आणि तिला कागलहून येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. तरी तिच्या वर्गातलं हसू भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी दोन्ही वर्गांना अवांतर वाचनाला एकच कादंबरी होती. एका शहराची गोष्ट, जिथं सरकार माणसांवर नजर ठेवतं आणि त्यांनी कुठले शब्द बोलायचे तेही ठरवतं. ज्या वर्गाला ती जास्त कळेल त्यानं पालकांसमोर तिचा कार्यक्रम करायचा, असं मुख्याध्यापकांनी सांगितलेलं. तो मला हवा होता. अगदी हावरटासारखा हवा होता.

मी फळा भरून शब्दार्थ दिले. पाळत म्हणजे गुप्तपणे ठेवलेली नजर. प्रतिरोध म्हणजे विरोध. पोरांनी मुकाट उतरवून घेतले. पलीकडं ती सांगत होती, "गल्लीतली काकू खिडकीत बसून, तू कुणासंगं बोललीस ते तुझ्या आईला सांगती का न्हाय? ती पाळत. आता काकूला उठवा आन् तिथं सरकार बसवा." वर्ग खो खो हसला. हे मला का सुचू नये? मला सुचलं ते एवढंच, की वर्गात असं अशुद्ध बोलतात होय?

मग एके दिवशी मुख्याध्यापक आले. पुस्तकातलं सरकार 'नाही' हा शब्दच भाषेतून काढून टाकतं, ते प्रकरण चालू होतं. "आता लोक नकार कसा देणार?" त्यांनी विचारलं. माझा वर्ग एका सुरात म्हणाला, "प्रतिरोध करून." मी खूश. ते शेजारच्या वर्गात गेले, तशी मीही दाराशी जाऊन उभी राहिले. राहवतंय कुठं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, 'नाही' काढलं तर काढू द्या. 'न्हाय' हाय की. त्येंच्या पुस्तकात 'न्हाय' लिवलेलंच न्हाय, मग काढणार कुठनं?"

सर पोट धरून हसले. कार्यक्रम 'ब'ला गेला.

शिक्षकांच्या खोलीत मी तिला टोमणा मारलाच. "उत्तर झकास होतं हो. पण पोरीला जरा शुद्ध बोलायला शिकवा."

ती डबा उघडत म्हणाली, "बाई, तुमच्याच हातची हाय की ती. गेल्या वर्षी आठवीला तुमच्याकडंच होती."

मला आठवीतली ती आठवेचना, नाव विचारून घेतलं. कपाटात गेल्या वर्षीच्या निबंधाच्या वह्या होत्या, त्यातून तिची काढली. पहिला निबंध तीन पानी, आजोळच्या म्हशीवर. जिथं जिथं न्हाय, तिथं माझी लाल काट आणि वर 'नाही'. पुढचा दोन पानी. मग एक पान. शेवटचा निबंध चारच ओळींचा, त्यात चूक एकही नव्हती.

खाली माझा शेरा होता, 'छान सुधारणा'.