वरातीचा कॅमेरा आणि सायकलची शर्यत

डहाणू रोडला आमचं केबल चॅनल आहे. भजनं, गरबा, क्रिकेटचे सामने, सगळं आम्ही थेट दाखवतो आणि निवेदन मी करतो. माझा आवाज वरोरच्या होड्यांपर्यंत पोचतो असं मी म्हणतो; बायको म्हणते, त्यासाठी केबलची गरजच नाही.

गेल्या वर्षी व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत आमच्या भागातून गेली. आमचा कॅमेरामन लग्नाचं शूटिंग करणारा. लग्नात नवरा एक वेळ कमी दिसला तरी चालतो, पण आलेल्या एकाही पाहुण्याचा चेहरा सुटता कामा नये, नाहीतर माणसं वर्षभर रुसतात. त्यानं धर्म पाळला. तलासरीत स्वागतासाठी उभारलेल्या व्यासपीठावरचे फेटे, हार, पहिल्या रांगेतल्या काकू, सगळं आलं. शर्यत फेट्यांच्या मागून सर्रकन निघून गेली. मीही मान्यवरांच्या उपस्थितीचं दणदणीत वर्णन करून मोकळा झालो.

पुढच्या आठवडी बाजारात सायवनच्या एका मावशींनी मला गाठलं. त्यांचा मुलगा एका संघाकडून पगारावर सायकल चालवतो, तोही त्या शर्यतीत होता. मावशी शेवटपर्यंत टीव्हीसमोर बसून राहिल्या होत्या.

"भाऊ, माझा पोर होता ना रे त्यात?"

मी स्टुडिओत येऊन सगळं चित्रण पुन्हा पाहिलं. फेटे होते, हार होते, काकू होत्या; पोर नव्हता.

यंदा शर्यत पुन्हा आली. मावशींना पोर दाखवायचाच, असं मी ठरवून टाकलं. वरातीत कॅमेरामन नवरदेवाकडे तोंड करून उलटा चालतो ना, तसाच त्याला शर्यतीच्या पुढे धावणाऱ्या मोटरसायकलवर उलटा बसवला आणि दुपट्ट्यानं चालकाच्या पाठीला बांधला. मागून टिपलं असतं तर नुसत्या पाठी दिसल्या असत्या. आता चेहरे दिसणार होते. शेवटच्या रेषेवर दुसरा कॅमेरा उभा केला.

"त्या पोराला नवरा समज," मी बजावलं.

"आणि पाहुणे, शेठ?"

"पाहुणे आज रुसू देत."

मावशींना मी स्टुडिओत शेजारी बसवलं. सुरुवातीला पोर सगळ्यांच्या पुढे होता. मावशी ताठ झाल्या. मग तो मागे पडू लागला आणि त्यांचा चेहरा उतरला. मी माइकवरून सांगितलं, की इतका वेळ तो समोरचा वारा स्वतः खात आपल्या कप्तानाला आडोसा देत होता. हेच त्याचं काम. तेवढ्यात तो संघाच्या गाडीपाशी गेला, पाण्याच्या बाटल्या जर्सीत पुढून-मागून कोंबल्या, आणि गरोदर बाईसारखा दिसत पुन्हा जोर मारून पुढे आला. एकेका साथीदाराला बाटली देत गेला. आमचा उलटा बसलेला बहाद्दर त्याच्यावरून हलला नाही.

मावशी माझ्या माइककडे वाकल्या.

"घरी कधी एक हंडा आणला नाही यानं. तिथं सगळ्यांना पाणी पाजतोय."

डहाणूपासून तलासरीपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. माझ्या उभ्या कारकिर्दीत इतकं नेमकं निवेदन मला जमलेलं नाही, आणि ते माझ्या चॅनलवर झालं याचा मला माज आहे.

शर्यत कोण जिंकलं तेही आम्ही व्यवस्थित दाखवलं. मग बक्षीस समारंभ सुरू झाला. फेटे सजले, पाहुणे कॅमेऱ्याकडे बघून सरसावले. मावशी हळूच म्हणाल्या, "ते पाण्याचं परत लाव ना."

मी लावलं.