भाऊबीजेची भरलेली बॅटरी

बाळांनो,

परवा तुम्ही दोघांनी मिळून पाठवलेला मेसेज मी चार वेळा वाचला. आजी मोटरसायकलवर आजोबांच्या मागे बसून खदाखदा हसते आहे, तो व्हिडिओ फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोहोचला. तुमच्या वर्गातल्या मुलांनीही तो पाहिला. आणि आता सुट्टीत इकडे आलात की आजोबांनी तुम्हांला त्याच घाटातून तसंच खाली आणायचं, असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत.

त्या व्हिडिओत मी हसत नाही. कोणीतरी वर गाणं घातलं आहे, म्हणून तुम्हांला ऐकू येत नाही. मी ओरडते आहे.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, तुमच्या आईलाही नाही. पण तुमची तिकिटं काढून झाली आहेत, तेव्हा आता गप्प बसणं बरं नाही. क्रमाने सांगते.

आजोबांनी भोरमध्ये चाळीस वर्षं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा वाइंडिंग करून दिल्या. तांब्याची तार गुंडाळणं हा त्यांचा धंदा, आणि मुलांकडून इंग्रजी क्रियापदं पाठ करून घेणं हा माझा. दुकान बंद केल्यावर ते वर्षभर कसेबसे घरी बसले. मग पडवीत धूळ खात पडलेल्या त्यांच्या जुन्या मोटरसायकलकडे त्यांचं लक्ष गेलं. तिचं इंजिन केव्हाच जाम झालं होतं. पुण्याच्या भंगारवाल्याकडून त्यांनी विजेच्या गाडीच्या चाकातली एक जळकी मोटार आणली आणि भाटघरच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, ती उघडली. आठ दिवस आम्ही खाली चटईवर जेवलो. नवव्या दिवशी त्यांनी वायर जोडली आणि ते चाक टेबलावर आपोआप, अजिबात आवाज न करता फिरू लागलं. लहान मुलासारखे माझ्याकडे बघत होते.

मला भीती मोटारीची नव्हती, बॅटरीची होती. ती त्यांनी जुन्या ई-रिक्षातल्या सेलची बनवली. प्रत्येक सेल तपासून ते मला आकडा सांगत आणि मी त्यावर चिठ्ठी चिकटवत असे. एखादा सेल बिघडला तर काय होतं, असं मी एकदा विचारलं. ते खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "पेटतो. आन् शेजारच्याला बी पेटवतो." त्या दिवसापासून पडवीत वाळूच्या दोन बादल्या आल्या. त्यांच्यावर मी 'वाळू' असं लिहून ठेवलं.

"बाई, शाळा सुटली तुमची," आजोबा म्हणाले. "वाळू हाय हे बघून कळतं की."

"घाबरलेल्या माणसाला कळत नाही," मी म्हटलं.

बॅटरी चार्जिंगला लावली की मी घरात थांबत नसे. अंगणात खुर्ची टाकून, हातात पुस्तक धरून, चार्जरचा दिवा हिरवा होण्याची वाट बघायची. पुस्तकाचं पान काही उलटत नसे.

गाडी तयार झाली आणि आजोबा ती भोरला घेऊन गेले. चहाच्या टपरीसमोर त्यांनी ती मुद्दाम उभी केली. मी मागे ST ने पोहोचले, तोवर घोळका जमला होता.

"काका, टाकीत तर पेट्रोलच न्हाई! ढकलू का घरापतूर?"

"ढकल की," आजोबा म्हणाले, "पर आदी धरून दाव." मूठ पिळली आणि गेले.

"आयला, भुतावानी गेली की!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही. पुढे एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या मधोमध चालली होती. आजोबा तिच्या पदराजवळून गेले तेव्हा कुठे तिला कळलं. आपल्याकडे माणसं रस्त्यावर कानांनी चालतात. मागून आवाज आला की बाजूला होतात. ही गाडी त्यांना ऐकूच येणार नव्हती. मी हट्टाने तिला ट्रकचा असतो तसा मोठा हॉर्न बसवून घेतला.

आणि एक यादी केली. पाच ओळींची, कार्डावर, सुवाच्य अक्षरात. वर प्लास्टिक चिकटवून टाकीवर लावली. निघण्याआधी मी एकेक ओळ वाचायची आणि आजोबांनी "हाय" म्हणायचं, वर्गातल्या हजेरीसारखं. शिवाय माझी अट होती की लांब जायचं तर एकट्याने नाही. मागे मी बसणार. मी मागे असले म्हणून गाडी पडायची थांबणार होती असं नाही. पण घरी बसून वाट बघायची हिंमत माझ्यात नव्हती.

यादीतली पाचवी ओळ समजून घ्या. घाट उतरताना या गाडीची मूठ सोडली की चाक उलट मोटारीला फिरवतं, त्यातून वीज तयार होते, ती बॅटरीत परत जाते, आणि त्या ओढीने गाडी आवरते. मागून कोणीतरी पदर धरावा तशी. गाडीचे मूळचे ब्रेक जुने, आणि बॅटरीमुळे वजन वाढलेलं, त्यामुळे आजोबांची सगळी भिस्त या ओढीवर होती. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर त्या विजेला जायला जागाच उरत नाही. "भरल्या हंड्यात आनखी पानी कुटं वतनार?" त्यांनीच मला समजावलं होतं. म्हणून पाचवी ओळ: घाट उतरण्याआधी बॅटरी पाऊणच भरलेली हवी.

भाऊबीजेला आम्ही निघालो. आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे तुमची आत्याआजी, पानशेतच्या पाण्याच्या वरच्या अंगाला वेल्ह्याच्या डोंगरात एका वाडीत राहते. शेळ्या आहेत, थोडी भाताची खाचरं आहेत. दरवर्षी आम्ही ST आणि जीपने जायचो. या वर्षी आजोबांना गाडी दाखवायची होती, आणि सगळ्यात आधी तिलाच. लहानपणी त्यांनी खोललेल्या प्रत्येक वस्तूचे स्क्रू तिनेच सांभाळले होते.

घाट चढताना मी दोन्ही हातांनी त्यांचा शर्ट धरला होता. तरी वर पोहोचलो. अख्खी वाडी गोळा झाली. वन्संनी आधी गाडीला ओवाळलं, मग भावाला.

"दादा, हिला खायला काय घालतुस?"

"करंट."

"मंग घाल की! आलीया कुटनं, दमली आसंल."

आजोबांनी खिडकीतून वायर काढून गाडी चार्जिंगला लावली. पाऊण भरल्यावर स्वतः जाऊन बटण बंद केलं आणि मेहुण्यांबरोबर शेळ्यांचा नवा गोठा बघायला गेले. मी आत बसून वाडीतल्या बायकांना मोबाईलवर तुमचे फोटो दाखवत होते. बर्फातले, लाल टोप्यांतले. वन्सं हात पुसत आत आल्या आणि म्हणाल्या, "वैनी, गाडीचं बटन कुनी बंद केलतं बगा. म्या लावलं परत."

मी "हं, हं" म्हणाले आणि पुढचा फोटो काढला.

बाळांनो, हे मी ऐकलं होतं. शब्दन् शब्द कानात गेला होता.

निघताना मी यादी वाचली. पाचव्या ओळीला आजोबा म्हणाले, "पाऊण. म्याच बंद केलंय." हँडलवरच्या छोट्या पडद्यावर ऊन पडलं होतं. तो त्यांनीही पाहिला नाही आणि मीही नाही. वन्संनी माझ्या मांडीवर करंज्यांची पिशवी ठेवली आणि आम्ही सुटलो.

पहिल्या वळणावर आजोबांनी मूठ सोडली. पदर कोणी धरला नाही. उतार वाढला आणि गाडीच्या पोटात 'टक' असा आवाज झाला. बॅटरीच्या आत एक सर्किट असतं. जादा वीज शिरायला लागली की ते स्वतःला वाचवायला सगळंच बंद करतं. पडदा काळा झाला. आजोबांनी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी थोडी आवरली, मग कपड्यावर इस्त्री विसरावी तसा वास आला, आणि ब्रेक असून नसल्यासारखे झाले.

"बाई, घट्ट धरा," ते म्हणाले.

चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला असं कधी सांगितलं नव्हतं. "काय होत न्हाई" एवढंच सांगायचे. डावीकडे डोंगर, उजवीकडे खाली थेट पाणी, मध्ये कठडाही नाही. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे वारा आणि माझे दात एवढंच ऐकू येत होतं.

पुढचं वळण घेतलं आणि समोर सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला. दिवाळीनंतर मेंढपाळ कळप घेऊन कोकणाकडे निघतात, तसा तो कळप. सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. कडेला पुण्याची एक मोटार थांबली होती आणि एक तरुणी खिडकीतून मोबाईलवर मेंढरं टिपत होती. आजोबांनी हॉर्न दाबला. तो ट्रकचा हॉर्न, मी हट्टाने बसवलेला. तोही त्याच बॅटरीवर होता. वाजला नाही.

तेव्हा मी तोंड उघडलं. मी उभ्या नोकरीत वर्गात कधी आवाज चढवला नाही, याचा मला अभिमान होता. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, नुसता आवाज निघाला, आणि तो माझाच आहे हे मला क्षणभर कळलंही नाही. मेंढपाळाने वळून पाहिलं, जिभेने एक टाळी वाजवावी तसा आवाज काढून काठी आडवी फिरवली, आणि कळप दचकून डोंगराच्या अंगाला दाटला. पाण्याच्या बाजूला हातभर रस्ता मोकळा झाला. लोकर माझ्या गुडघ्याला घासून गेली. व्हिडिओ इथेच संपतो.

त्यापुढे रस्तादुरुस्तीसाठी टाकलेला मुरमाचा ढीग होता. आजोबांनी गाडी त्यात घातली.

मी बाजूला फेकले गेले, मनगटावर. तुम्हांला न्हाणीघरात घसरले असं सांगितलं होतं, ते हे. आजोबा ढिगावर बसून होते. त्यांना हेल्मेटचा पट्टा काढता येईना, बोटं नुसती चाचपडत होती. केसाएवढी तार गुंडाळणारी बोटं ती. मी एका हाताने पट्टा सोडवला.

मेंढपाळ धावत आला. आम्ही धड आहोत बघून मग चिडला. "आजी, तू वरडलीस म्हून वाचली समदी. ह्या म्हाताऱ्याच्या गाडीला त्वांड न्हाई व्हय?"

आजोबांनी त्याच्यापुढे हात जोडले. तो गेल्यावर उठून त्यांनी बॅटरीच्या खोक्यावर हात ठेवला.

"भरली कुनी?" त्यांनी विचारलं.

"वन्संनी. मला सांगून. मी ऐकलं होतं, पण लक्ष फोटोंत होतं."

ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी मुरमातून करंज्यांची पिशवी उचलली, झटकली. "भाऊबीजेला भन भावाची गाडी अर्धपोटी लावंल व्हय?" ते म्हणाले. "तिला सांगू नका, बाई. मरंस्तवर खाईल तिचं तिला."

आम्ही सांगितलं नाही. दर फोनवर वन्सं विचारतात, "गाडी पोटभर होती ना?" आणि आम्ही दोघं "व्हय" म्हणतो. तुम्हीही तिथे गेलात की तोंड उघडायचं नाही. हा विषय तुमच्या नि माझ्यातच राहायला हवा.

आणि घाटाचं नाव काढायचं नाही. आजोबांनी आता पुढे डिस्क ब्रेक बसवला आहे, हॉर्नला वेगळी बॅटरी दिली आहे. ते तुम्हांला "काय होत न्हाई" म्हणतील. मी त्यांचे हात पाहिले आहेत, तुम्ही नाही. भाटघरच्या सपाट रस्त्यावर, दिवसाउजेडी, एकेकाला, शाळेच्या फाटकापर्यंत. त्याच्या पुढे नाही. मी फाटकापाशी उभी असेन.

गाडी पडवीत आहे. पुढचं चाक बदललं, चौकट ठोकून सरळ केली. वाळूच्या दोन्ही बादल्या आहेत. टाकीवरचं माझं कार्डही तेच आहे. मुरमाने त्याच्या वरच्या चार ओळी खरवडल्या गेल्या. पाचवी वाचता येते.